वरच्या पट्टीतलं रान

पक्षी गात होता. संयोगिताला ते नुसतं दिसत होतं.

हात लांब केला असता तर बोट लागलं असतं, इतक्या जवळ. अंजनीच्या फांदीवर रुजलेल्या बांडगुळाच्या लालसर फुलांत अंगठ्याएवढा तो जीव शेपटी उडवीत बसला होता. चोच उघडी, गळा थरथरतो आहे, त्या थरथरीनं छातीखालची पिवळी पिसं विस्कटताहेत. आणि एवढ्या सगळ्या हालचालीतून आवाज म्हणून काही निघत नव्हता. बंद काचेपलीकडे वरात चालली असावी, माणसं नाचताना दिसावीत आणि वाजंत्री तेवढी कुणी उचलून नेलेली असावी, तसं. दरीच्या अंगाला भारद्वाज घुमत होता, तो स्पष्ट ऐकू येत होता. वाडीतली पिठाची गिरणी सुरू झाली, तीही ऐकू आली. समोरचा पक्षी मात्र मुकाच.

किरमिजी पाठीचा शिंजीर. सह्याद्री सोडून जगात कुठंही न राहणारा. गेल्या दोन हंगामांत तिनं या राईत तो एकदाही नोंदला नव्हता.

म्हणून आधी तिला आनंद झाला. एक तरी उरला आहे, असं वाटलं. पुरावा हवा म्हणून तिनं फोन काढला आणि आवाज टिपायला लावला. पडद्यावर आवाजाचं चित्र सरकू लागलं: जाड, खालच्या पट्टीतले आवाज तळाला, बारीक आवाज वर. तळाला भारद्वाजाचे काळे ठिपके ओळीनं उमटले. आणि वर, अगदी वरच्या कडेला, कुणी चिमटीनं कुंकू शिंपडावं तशा बारीक खुणा पडू लागल्या. पडतच राहिल्या. समोरच्या पक्ष्याचा गळा थांबला, तरी पडत होत्या. म्हणजे मागं आणखी एक होता. त्याच्या पलीकडं बहुधा आणखी एक.

तिनं टिपलेलं पुन्हा लावलं आणि फोन कानाला चिकटवला. भारद्वाज घुमला. बाकी सगळं रान रिकामं होतं.

चप्पल राईच्या हद्दीबाहेर काढून ठेवायची, हा जखुबाईच्या देवराईचा रिवाज. अनवाणी पायांखालची पानं गार होती, आणि तो गारवा हळूहळू गुडघ्यापर्यंत चढतो आहे असं तिला वाटत राहिलं.

*

गारगोटीच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी असलेल्या या राईत आणि भोवतालच्या रानात संयोगिता बारा वर्षं पक्षी मोजत आली होती. दाट रानात पक्षी दिसतात थोडे, ऐकू येतात फार. म्हणून ठरलेल्या जागी उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि कानावर येईल ते नोंदवायचं, ही तिथली रीत. मोजणारा माणूस बदलला की कान बदलतात, आणि कान बदलले की एका वर्षाचा आकडा दुसऱ्या वर्षाच्या शेजारी ठेवता येत नाही. म्हणून या अभ्यासात माणूस बदलायचाच नाही, असं पहिल्या दिवशी ठरलं होतं. पुढं देशभरच्या परिषदांत त्याचंच कौतुक झालं. एकच रान, एकच ऋतू, एकच कान. कोल्हापुरातल्या ज्या महाविद्यालयाचा हा प्रकल्प होता, तिथं ती कायम कधीच झाली नाही. दर वर्षी नेमणुकीचा कागद नवा व्हायचा आणि हंगाम आला की ती जुन्याच वाटेनं राईत शिरायची. लोक तिला शिंजीरवाल्या बाई म्हणत. त्या नावात थट्टा होती तशी मायाही होती.

आणि तिच्या त्या कानांनी सांगितलं होतं की शिंजीर संपत चालला आहे. दर वर्षी थोडा कमी, मग आणखी कमी, मग शून्य. तिनं त्यावर लेख लिहिले, शाळाशाळांत जाऊन बोलली. एका सभेत बोलताना तिचा आवाज फुटला होता आणि पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. त्या उतरत्या रेषेवरच एक मोठा प्रस्ताव उभा होता. राईला लागून असलेल्या पठारावर पुण्याकडच्या एका कंपनीला हॉटेल बांधायचं होतं आणि त्यासाठी राईच्या पोटातून रस्ता हवा होता. तो थांबवायचा तर हे सगळं रान सरकारकडून राखीव जाहीर व्हायला हवं. सरकारी समिती जागा बघायला पुढच्या आठवड्यात येणार होती.

*

राजारामपुरीतल्या कानाच्या दवाखान्यात एक काचेची खोली होती. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. सुरुवातीला संयोगितानं भराभर दाबलं, शाळेतल्या हुशार मुलीसारखं. मग एक शांतता आली. काचेपलीकडं डॉक्टरीणबाई कळ फिरवताना दिसत होत्या, त्यांची नजर हिच्या बोटावर होती, म्हणजे आवाज चालू होता. बोट बटणावर तसंच राहिलं. न ऐकता दाबून टाकावं, असा एक लाजिरवाणा विचार तिच्या मनात येऊन गेला.

"मॅडम, मूळच्या तुम्ही कुठल्या?" बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कबनूर."

"घरात यंत्रमाग होते?"

"घरात नाही. शेजारी. शेजारी म्हणजे एकाच भिंतीला. मी कांड्या भरायला जायची तिथं. बी. एस्सी. होईपर्यंत."

"मग मी पुढचं विचारतच नाही." त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्या वाटेपर्यंत ती सपाट चालली होती आणि मग पन्हाळ्याच्या कड्यावरून पाय घसरावा तशी सरळ खाली गेली होती. "हा मागांच्या आवाजाचा मार. त्या वयात कळत नाही. वय वाढलं की हळूहळू वर येतो. बोलणं तुम्हाला कळतंय, त्यामुळं तुमच्या लक्षात येणारच नव्हतं. बारीक आवाज तेवढे जातात."

"कधीपासून गेले असतील?"

"ते कसं सांगणार? एका दिवसात नाही गेले. दर वर्षी थोडे."

दर वर्षी थोडे. संयोगितानं ती रेघ पुन्हा पाहिली. ही रेघ तिला पाठ होती. हीच रेघ तिनं इतक्या सभांतून पडद्यावर दाखवली होती, फक्त खाली शिंजिराचं नाव असायचं.

"मशीन बसवलं तर पक्षी ऐकू येतील?"

डॉक्टरीणबाई जरा घोटाळल्या. "माणसांचं बोलणं चांगलं ऐकू येईल," त्या म्हणाल्या. "पक्ष्यांचं मला सांगता यायचं नाही हो."

*

ती घरी गेली नाही. कबनूरची गाडी पकडली. का, हे तिला सांगता आलं नसतं. दुखऱ्या दाताकडं जीभ जाते तसं मन तिकडं गेलं.

बोळात शिरताच पायांखालची जमीन थरथरू लागली. माग पूर्वीइतके राहिले नव्हते, तरी त्या एका भिंतीआड अजून चालू होते: खटाखट, खटाखट, मधे श्वास नसलेलं एक वाक्य. आई, चिमणाबाई, दारातच वाटाणे सोलत बसली होती आणि आत टीव्ही सबंध बोळाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडत होता.

"कोन गेलं?" लेकीचं तोंड बघून चिमणाबाईनं पहिला प्रश्न टाकला.

"कुणी न्हाय गेलं."

"आं?"

"कुणी न्हाय गेलं, आई! माझे कान गेलेत!"

"कान व्हय!" चिमणाबाईनं सुटकेचा श्वास टाकला. "मला वाटलं आत्तीच गेली. आगं, कबनुरात कान हाईत कुणाला? तुझा बा म्हणायचा, आमच्यातल्या पोरीला बघायला पावणं आलं की हळू बोलून कान पारखत्यात, मोठ्यानं बोला म्हनावं. बस. च्या ठेवू?"

संयोगिता उंबऱ्यावर टेकली. समोरच्या घरातली बाई मागाच्या दारात उभी राहून कुणाशी तरी ओठांनीच बोलत होती. आवाज न काढता, भुवया उडवीत, हसत. लहानपणी संयोगिताही असंच बोलायची. पुढं कॉलेजात गेल्यावर तिला सांगावं लागलं होतं की माणसांच्या तोंडाकडं असं टक लावून बघू नये.

"बारकी असताना तू कांड्यांच्या टोपलीतच झोपायचीस," आई म्हणाली. "आन् लाइट गेली, माग थांबलं, की दचकून उठायचीस बघ. भोकाड पसरायचीस. समदी पोरं दणक्यानं रडायची, तू माग गप झाल्यावर रडायचीस."

त्या आवाजापासून पळून संयोगिता रानात गेली होती. इतक्या वर्षांत किती जणांना तिनं सांगितलं असेल, राईत शिरलं की कान धुतल्यासारखे होतात म्हणून.

"नोकरी जाती काय गं?"

"जाईल बहुतेक. ते न्हाय आई. मी सगळ्यांना सांगत फिरलो, पाखरं संपली. लोक रडले. मी रडलो. आणि पाखरं हाईत. मलाच ऐकू येत न्हाईत." घरी आलं की तिच्या तोंडी जुनी बोली आपोआप यायची, मुलग्यासारखं बोलणंही.

चिमणाबाईनं वाटाण्याची शेंग अर्धी उघडून तशीच धरली. मागांच्या दणक्यात तिला यातलं किती ऐकू आलं कुणास ठाऊक. ती लेकीच्या ओठांकडं बघत होती.

"मग जाऊन सांग की," ती म्हणाली. "जित्या जीवाचं सुतक धरून बसत्यात व्हय?"

*

"चहा घे आधी," डॉ. अमरसिंह म्हणाले.

प्राणिशास्त्र विभागाच्या त्यांच्या खोलीत काचेच्या बरण्यांची जुनी कपाटं होती आणि टेबलावर भडंगाची पुडी उघडी पडली होती. एम. एस्सी.ला दोघं एका बाकावर होते. आवाज ओळखण्यात तेव्हा त्यांच्यात पैजा लागत आणि बहुतेक संयोगिता जिंकत असे. पुढं अमरसिंह विभागप्रमुख झाले, त्यांचे दिवस खुर्चीत जाऊ लागले. ती रानात राहिली. त्या अंतराबद्दल दोघंही कधी बोलले नव्हते.

तिनं सगळं सांगितलं. फोनवरच्या खुणा दाखवल्या, दवाखान्याचा कागद दाखवला. अमरसिंहांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ तो कागद पाहिला. मग खणातून गेल्या वर्षीचा अहवाल काढून घटत चाललेल्या पक्ष्यांच्या नावांवरून पेन्सिल फिरवू लागले. शिंजीर. फुलटोचा. चष्मेवाला. त्या नावांवर त्यांनी एक देखणी मांडणी केली होती: फुलांवर जगणारे पक्षी कमी होताहेत, म्हणजे रानाचं फुलणंच बिघडलं आहे. त्या मांडणीला बक्षीस मिळालं होतं.

पेन्सिल थांबली.

"हा क्रम फुलांवरून नाही लागलेला," ते हळू म्हणाले.

"नाही."

"आवाजावरून लागलाय. ज्याचा आवाज सगळ्यात बारीक, तो आधी गेला."

"हो. मीच तशी बहिरी होत गेले. त्याच क्रमानं."

खिडकीबाहेर कुणी मुलं क्रिकेटवरून भांडत होती. अमरसिंहांनी भडंगाची पुडी दुमडली, उगाच पुन्हा उघडली.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"आईला. आणि कानाच्या डॉक्टरांना."

"मग थांब. एक आठवडा थांब. समिती येऊन जाऊ दे, राई राखीव होऊ दे, मग तुझे कान तपासत बसू आपण. जुन्या वर्षांचे आवाज कुणी टिपून ठेवलेले नाहीत, कुणी तपासायला जाणार नाही."

"म्हणजे खोटं सांगायचं."

"आगं, खोटं कुठं? तुला ऐकू आलं नाही, तू ऐकू आलं नाही असं लिहिलंस. यात खोटं काय हाय?" ते उठून खोलीत फेऱ्या घालू लागले. "संयोगिता, नीट ऐक. रस्ता झाला, झाडं पडली, तर ही पाखरं खरंच जातील. चार-पाच वर्षांत जातील. मग तुझी ती रेघ खरी ठरेल. तेवढ्यासाठी सांगणार आहेस का?"

ती कपाटातल्या बरण्यांकडं बघत राहिली. गेले काही दिवस तिला एकच गोष्ट आतून कुरतडत होती. ती बारा वर्षं स्वतःच्याच कानांचं मरण रानाच्या नावावर मांडत आली होती. लोकांचं रडणं तिनं रानासाठी घेतलं आणि ते तिच्याच दारात येऊन पडलं.

"आणि राखीव झाल्यावर?" तिनं विचारलं. "पुढच्या वर्षी दुसरं कुणी मोजायला गेलं, आणि त्याला राई भरून शिंजीर ऐकू आले, तर? मग तू सांगणार, की राखल्यामुळं परत आले?"

अमरसिंह थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं की हे त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, आणि ते त्यांना वाईटही वाटलं नव्हतं.

"काय बिघडलं?" ते म्हणाले. "एकदा तरी कुठली तरी गोष्ट परत आली असं लोकांना वाटू दे की."

*

समिती आली तेव्हा ऊन चढलं होतं. देवळासमोरच्या मांडवात वन खात्याचे मोठे साहेब, दोन अधिकारी, हॉटेल कंपनीचा इस्त्रीच्या शर्टातला माणूस आणि वाडीतली बरीचशी माणसं बसली होती. जखुबाईची पूजा ज्यांच्या घराण्याकडं होती ते हंबीरराव पुढंच मांडी घालून होते. रस्त्याचा हट्ट सोडायला वाडी आधी तयार नव्हती. दवाखाना लांब, एसटी येत नाही, मुली शाळा सोडतात. मग हंबीररावांनी देवीला कौल लावला, देवीनं उजवं फूल देऊन होकार दिला, आणि वाडीनं राईच्या बाजूनं ठराव केला. पण कौल लावायच्या आधी त्यांनी संयोगिताला विचारलं होतं, आणि देवीपुढं उभं राहून जो प्रश्न घातला तो तिच्याच शब्दांतला होता: तुझी पाखरं मरायला लागलीत, राखू का नको?

अमरसिंहांनी प्रास्ताविक केलं. मग तिचं नाव घेतलं. नाव घेताना त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

संयोगिता उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं एसटीत मनाशी जुळवलं होतं, पण तोंड उघडताच ते सगळं सांडलं.

"शिंजीर कमी झालेला नाही," ती म्हणाली. "माझे कान कमी झालेत."

आधी कुणालाच कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, साध्या शब्दांत. कबनूर, माग, कान, फोनवरच्या खुणा. उतरती रेघ पक्ष्यांची नाही, आपली आहे. मांडवात कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. हॉटेल कंपनीचा माणूस ताठ बसला. त्यानं खिशातला फोन काढून टेबलाखाली काहीतरी लिहायला घेतलं.

"म्हणजे मॅडम," साहेब सावकाश म्हणाले, "पक्षी आहेत. नेहमीइतके आहेत."

"आहेत. किती ते मला सांगता येणार नाही. पण आहेत. आणि आहेत म्हणूनच राई राहिली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाळ चोळलं. "तुमचा प्रामाणिकपणा मी समजू शकतो. पण प्रस्ताव घटीवर उभा आहे. घट नसेल तर तातडी राहत नाही. नव्यानं मोजणी करा, पुढं बघू."

"तोवर रस्ता?"

"तोवर जैसे थे. पण कंपनीनं परवानगी मागितली तर नाकारायला माझ्या हातात आज काही नाही."

हंबीरराव उठले. सत्तरी उलटलेला माणूस, पण आवाज असा की मांडवाचं कापड हलावं.

"पोरी, तुझ्या बोलावर मी देवीम्होरं उभा ऱ्हायलो हुतो."

"मामा, मला कळलं नव्हतं."

"ते दिसतंय. तवा कळून गप ऱ्हायली असतीस तर आज उठून सांगितलं नसतंस." ते तिच्यावर रागावले होते की नाही ते समजेना. मग ते साहेबांकडं वळले. "आन् साहेब, तुमास्नी एक विचारतो. पाखरू मराय लागलं की तुमी येनार, मांडव घालनार. जितं हाय म्हटल्यावर गाडीत बसनार. आमचं म्हातारं दवाखान्यात नेलं की डाक्टर असंच म्हनतोय, अजून सिरियस न्हाय, न्या घरला. तुमचं बी तसंच हाय की वो!"

माणसं हसली. साहेबही कसनुसं हसले आणि कागद गोळा करू लागले. मागून एक तरुण बाई, कडेवर पोर घेतलेली, कुणाकडंच न बघता मोठ्यानं बोलली: "पाखरं हाईत तर मग आमचा रस्ता का अडवलाय? पोटुशी बाई झोळीत घालून न्ह्यावी लागती खाली."

त्यावर कुणी हसलं नाही. हंबीररावही खाली बसले.

संयोगिताला त्या बाईला काहीतरी सांगायचं होतं, की रस्ता राईबाहेरूनही काढता येईल, तसा नकाशा आहे, आपण मिळून मागू; पण तोवर खुर्च्या सरकू लागल्या होत्या आणि बाई पोराला घेऊन निघून गेली होती. अमरसिंह गाडीत जाऊन बसले. काच वर केलेली होती.

*

नेमणुकीचा कागद त्या वर्षी नवा झाला नाही. कुणी काढून टाकलं नाही, कुणी बोलावलंही नाही. वर्तमानपत्रात एक छोटी बातमी आली, फोनवर तिच्याखाली लोकांनी थट्टा केली. मग तीही थांबली. कंपनीनं पठारावर खुणेचे दगड रोवले. संयोगितानं कानात मशीन बसवून घेतलं आणि पहिल्यांदाच तिला स्वतःच्या घरातलं नळाचं टपटपणं ऐकू आलं, शेजारच्या सुनेचं दबक्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं. नको असलेलं बरंच काही आत आलं. ती राजारामपुरीतल्या घरातून चालत निघाली की रंकाळ्यापर्यंत जाई, काठानं फिरत राही, घरी येई आणि पुन्हा निघे. जिथं बसे तिथून तिला उठावंसं वाटे.

एके दिवशी सकाळी अमरसिंहांचा फोन आला.

"उद्या राईत जायचंय. नवी मोजणी. सुरुवात तरी करू."

"मी? माझे कान—"

"कान माझे. जागा तुला माहीत आहेत." मग जरा थांबून, खरखरीत आवाजात: "मी अजून रागावलेलो हाय. ते वेगळं."

दुसऱ्या दिवशी दोघांनी हद्दीबाहेर चपला काढल्या. हंबीररावांनी न विचारता देवळातून अंगारा आणून दोघांच्या कपाळाला लावला आणि म्हणाले, "सायबाला नीट ऐकाय सांग. ह्येचंबी कान तपासून आनलायस न्हवं?"

पहिल्या ठरलेल्या जागी ते उभे राहिले. ऊन अजून खाली उतरलं नव्हतं. पानांच्या वरच्या थरातच कुठंतरी अडकलं होतं. ठरलं होतं असं: जाड आवाज तिचे, बारीक त्यांचे. बोलायचं नाही. बारीक आवाज आला की त्यांनी बोट वर करायचं, तिनं खूण करायची.

संयोगितानं सवयीनं डोळे मिटले. तांबट ठोकत होता. दूर धनेशाच्या पंखांचा भाता हलत गेला, जवळ आला, वरून ओलांडून गेला. हे तिचं होतं. हे अजून होतं. मग तिला आठवलं आणि तिनं डोळे उघडले, कारण आता अर्धं रान तिला कानांनी मिळणार नव्हतं, ते समोरच्या माणसाच्या हातावर उमटणार होतं.

अमरसिंह मान वाकडी करून उभे होते. इतक्या वर्षांनी खुर्चीतून उठलेला माणूस, मानेवर पांढरे केस, डोळे घट्ट मिटलेले. बोट वर गेलं. तिनं खूण केली. पुन्हा वर गेलं. पुन्हा. बोट ज्या दिशेला जाई तिकडं ती बघे. तिथं पानं असत, पानांमागं पानं.

मग बराच वेळ काही झालं नाही. अमरसिंहांच्या कपाळावर आठी पडली. त्यांचा हात अर्धवट उचलला गेला आणि तिथंच राहिला. ऐकू आलं की आल्यासारखं वाटलं, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. ते तिच्याच वयाचे होते.

संयोगितानं घाई केली नाही. पेनाचं टोक कागदाला न टेकवता ती त्या अर्ध्या उचललेल्या हाताकडं बघत उभी राहिली.